उत्क्रांतीचा ठेका

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुणाला पाहिले नाही, सबब डार्विन चूक. वैज्ञानिकांनी निषेध केला, विषय मिटला असे वाटले. पण २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलाने मग हे शिकावे कुठे?

परदेशात एक मार्ग निघाला. २००९ मध्ये, डार्विनच्या द्विशताब्दीला, बर्मिंगहॅम विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्क पॅलन यांनी बाबा ब्रिंकमन या कॅनडाच्या रॅपरकडून उत्क्रांतीवर रॅपचा कार्यक्रम लिहवून घेतला आणि त्यातले शास्त्र स्वतः तपासले. आपण सारे मुळात आफ्रिकन, हा त्यातल्या एका रॅपचा विषय.

आपले जाणते वाचक म्हणतील, हा थिल्लरपणा आहे. मला तसे वाटत नाही. सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत विचार नेला, तो ठेक्यावरच. आज अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून आंबेडकरी विचार मांडतो, ती त्याच घराण्याची पुढची पिढी.

बँकेत असताना मी हजारो अर्ज तपासले. नाव, वडिलांचे नाव, प्रवर्ग. माणसाची ओळख तिथेच संपे. उत्क्रांती त्या रकान्यांपलीकडे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील माणसापर्यंत नेते. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखा असतो. जात म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची केलेली सामाजिक फाळणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते. म्हणून पुस्तकातून उत्क्रांती जाते तेव्हा केवळ एक धडा जात नाही. जन्माच्या मोठेपणाला दिलेले उत्तरही जाते.

अर्थात रॅप कुतूहल जागवील. पुरावा कसा तपासायचा, हे मात्र वर्गातच शिकावे लागेल. तो धडा परत मिळेपर्यंत निदान ठेका तरी थांबू नये. १९५६ साली लाखो माणसांनी जन्माने लादलेली ओळख ज्या नागपुरात झुगारली, तिथल्या पोरांनी तो उचलला तर मला नवल वाटणार नाही.