तिकिटाचे पैसे कुणाचे?

मे महिन्यातल्या सहलीचं विमान डिसेंबर-जानेवारीतच बुक केलं की स्वस्त पडतं, हे आता घराघरांत पाठ झालं आहे. 3 मे 2023 रोजी 'गो फर्स्ट'ची उड्डाणं थांबली, तेव्हा श्रीनगर आणि लेहची अशी आगाऊ तिकिटं कितीतरी कुटुंबांच्या हातात होती. आधी दोन-तीन दिवसांचीच उड्डाणं रद्द असल्याचं सांगितलं गेलं, मग मुदत पुढे पुढे सरकत राहिली. ती विमानं पुन्हा उडालीच नाहीत, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. त्याआधी किंगफिशर 2012 मध्ये आणि जेट एअरवेज 2019 मध्ये अशीच बंद पडली होती. म्हणून माझी मागणी साधी आहे: विमान उडेपर्यंत तिकिटाचा पैसा प्रवाशाचाच राहिला पाहिजे, आणि तसा कायदा हवा.

1. आगाऊ तिकीट काढणं म्हणजे कंपनीला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देणं. चार महिने आधी भरलेला आपला पैसा आजच्या इंधनावर, पगारांवर, विमानांच्या भाड्यावर खर्च होऊन जातो. बँक कर्ज देते तेव्हा तारण लिहून घेते. प्रवाशाकडे मात्र पीएनआरचे सहा अक्षर-आकडे असतात. कंपनी दिवाळखोरीत गेली की दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 नुसार तिच्यावरचे दावे स्थगित होतात. पुढे मालमत्ता विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कलम 53 मधल्या रांगेत तारण असलेल्या बँका आणि कामगार पुढे, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी. तिकीटधारक 'उर्वरित देणी' या गटात, जवळजवळ शेपटाला. तोवर तिजोरीत काही उरत नाही.

2. घरांच्या बाबतीत आपण हा अन्याय ओळखला आणि थांबवला. 2016 च्या रेरा कायद्यानं बिल्डरला ग्राहकाकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पासाठी वापरणं बंधनकारक केलं. महारेराचा नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय आज महाराष्ट्रात शहाणा माणूस बुकिंगची रक्कम देत नाही. मग विमानाच्या तिकिटाला वेगळा न्याय का? तिकिटाच्या रकमेचा मोठा हिस्सा वेगळ्या खात्यात राहावा आणि उड्डाण झाल्यावरच कंपनीला मिळावा. ब्रिटनमध्ये सहलीच्या पॅकेजवर माणशी अडीच पौंड घेऊन असा संरक्षण निधी उभा केला जातो. तोही मार्ग आपल्याला खुला आहे.

3. कंपनी चालू असताना विमान रद्द झालं, तरी भरपाईचं गणित उलटं आहे. किमान 24 तास आधी न कळवता विमान रद्द केलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. 'कमी असेल ती' या तीन शब्दांत सगळी मेख आहे. 2,200 रुपयांत तिकीट काढलेल्याला परताव्याशिवाय फार तर 2,200 मिळणार, आणि त्याच दिवशीचं दुसरं तिकीट मात्र 11,000 ला पडू शकतं. ज्यानं पै-पै जोडून स्वस्त तिकीट काढलं, त्यालाच कमी भरपाई. युरोपीय संघात ही रक्कम अंतरावर ठरते, 250 ते 600 युरो, तिकीट कितीचंही असो. आपल्याकडेही तसंच हवं.

4. सरकारला जमत नाही, हे मला मान्य नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. तरी पुरेसे वैमानिक तयार नसल्यानं इंडिगोची 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. (दोष विश्रांतीच्या नियमाला देऊ नका. थकलेला वैमानिक कुणालाच नको.) दुसऱ्याच दिवशी सरकारनं भाड्यावर मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 च्या पुढे 18,000. परतावेही ठरावीक वेळेत द्यायला लावले. संकटात दोन दिवसांत झालं, ते एरवी कायमचं का नसावं?

5. निरोप पोचण्याचा प्रश्न लहान वाटतो, पण लहान नाही. माझ्या मावशीचं तिकीट एजंटानं काढलं आणि मोबाइल नंबर स्वतःचा घातला. विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच्याकडे गेला, मावशी पहाटे विमानतळावर. आणि बुकिंगच्या वेळी संपर्क पुरेसा दिला नसेल तर भरपाईही नाही, असं नियम म्हणतो. प्रवाशाचा स्वतःचा नंबर नोंदवल्याशिवाय तिकीटच निघू नये, ही जबाबदारी विकणाऱ्यावर टाका.

6. भाडं वाढेल, हा आक्षेप मी टाळणार नाही. वाढेल. कंपन्यांना आज फुकट मिळणारं खेळतं भांडवल उद्या बँकेकडून व्याजानं घ्यावं लागेल. पण माझ्या मते तिकिटामागे थोडे जास्त रुपये देऊन सगळी रक्कम सुरक्षित राहत असेल, तर बहुतेक कुटुंबं ते आनंदानं देतील. कंपनीची जोखीम गुपचूप प्रवाशावर टाकून मिळालेला स्वस्तपणा खरा नसतो. शिवाय रद्द झालेल्या रेल्वेगाडीच्या ई-तिकिटाचे पैसे अर्ज न करता खात्यात येतात. विमानाच्या प्रवाशानं मात्र हेल्पलाइनवर ताटकळायचं, हे पटण्यासारखं नाही.

7. कायदा होईपर्यंत हातात आहे ते वापरा. परताव्याऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेली रक्कम) घ्यायचं की नाही, हे प्रवाशानं ठरवायचं असतं, कंपनीनं नव्हे. एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. विमान रद्द झाल्याचा संदेश, बोर्डिंग पास आणि नव्या तिकिटाची पावती जपून ठेवा. आणि आपल्या खासदाराला एक पत्र लिहा: तिकिटाच्या पैशांसाठी वेगळं खातं, आणि भरपाईच्या नियमातून 'कमी असेल ती' हे शब्द बाद. या दोन मागण्या पुरेत.