शिफारस, कमिशन आणि मौन

प्रवासाविषयी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. प्रवासाचा खर्च कसा भागवावा याविषयी लिहिण्याची प्रथा मात्र अलीकडची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात निघाले ते दक्षिणा मिळावी आणि घरचे कर्ज फिटावे म्हणून. 'माझा प्रवास'मध्ये हा हेतू त्यांनी आरंभीच सांगून टाकला आहे. पैशाचा उल्लेख आला म्हणून त्यांच्या निवेदनावरचा आपला विश्वास डळमळत नाही. त्यांना दक्षिणा द्यायची होती ती राजेरजवाड्यांनी. त्यांचे वाचक कुठे जातात आणि काय विकत घेतात, यावर भटजींची मिळकत अवलंबून नव्हती.

आज ज्या लेखनाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यात पैसा नेमका वाचकाच्या निर्णयातून येतो. कोणते क्रेडिट कार्ड घ्यावे, त्यावर कसा खर्च करावा, साठलेले रिवॉर्ड पॉइंट कोणत्या विमान कंपनीकडे वळवावेत आणि त्यातून कोणते तिकीट वा हॉटेल पदरात पाडून घ्यावे, हे शिकवणारे लेख आणि चित्रफिती आता मुबलक आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याण या आमच्या पट्ट्यात त्यांचे वाचक सकाळच्या जलद लोकलमध्ये भेटतात, तसे महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्येही भेटतात. अशा लेखाच्या शेवटी एक दुवा असतो. त्या दुव्यावरून केलेला कार्डाचा अर्ज मंजूर झाला की लिहिणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळते. वाचकाने अर्ज केला नाही तर काहीच मिळत नाही. अशा शिफारशीवर विश्वास ठेवावा की नाही, आणि ठेवावा तर कोणत्या बेताने, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. कमिशन घेतो तो खोटेच बोलणार, हे एक. आणि कमिशन घेतो हे उघड सांगितले की प्रश्न मिटला, हे दुसरे. आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत.

पहिल्या उत्तराला इतिहास दुजोरा देत नाही. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढून ती फुकट वाटली. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, हा हिशेब त्यामागे होता. १९२० पासून तिला किंमत लावली गेली आणि तिच्यातल्या जाहिराती काढून टाकण्यात आल्या. १९२६ पासून उपाहारगृहांना तारे देण्याची पद्धत सुरू झाली. एवढा स्वार्थ असूनही ती मार्गदर्शिका विश्वासाला पात्र ठरली, कारण प्रवासी कोणत्या गावी जेवतो याच्याशी टायरच्या विक्रीला काही कर्तव्य नव्हते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'चे घेता येईल. तुम्ही हरिश्चंद्रगड खिरेश्वरकडून चढा की पाचनईकडून, पुस्तकाची किंमत तीच राहते. तेव्हा हितसंबंध आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या जागी बसला आहे, हे पाहावे लागते. पॉइंटांच्या मार्गदर्शनात तो थेट निवडीच्या जागीच बसलेला असतो.

दुसरे उत्तर आता कायद्याने दिलेले आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीचे नियम जून २०२१ मध्ये लागू झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी एक पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. उत्पादकाशी आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगितला पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर काही काळ बंदीही येऊ शकते. हे नियम आवश्यकच होते. पण संबंध आहे एवढेच त्यांतून कळते. दहा कार्डांपैकी कोणत्या कार्डावर लेखकाला सर्वाधिक मिळते आणि कोणते कार्ड काहीच मिळत नाही म्हणून यादीतून गळले, हे त्या एका ओळीतून कळत नाही. शिवाय, ज्याने कमिशन घेतो असे सांगितले तो माणूस सरळ असणार, असा वाचकाचा ग्रह होतो. जी ओळ सावधगिरीसाठी होती, तीच प्रशस्तिपत्र होऊन बसते.

आमचे मुख्य म्हणणे असे आहे की कमिशन माणसाला सहसा खोटे बोलायला लावत नाही. ते त्याला गप्प बसायला लावते. म्हणून अशा लेखनाची परीक्षा त्यात काय लिहिले आहे यावरून पुरी होत नाही. काय वगळले आहे ते वाचता यावे लागते.

पहिले मौन व्याजाविषयीचे. बहुतेक कार्डांवर थकबाकीचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. पन्नास हजारांची बाकी साडेतीन टक्क्यांनी एक महिना राहिली तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३१५, असे एकूण २,०६५ रुपये जातात. तेवढ्याच खर्चावरचे पॉइंट दोन टक्के मोलाचे धरले तर मिळतात एक हजार. म्हणजे दोन महिन्यांची कमाई एका महिन्याच्या विसरण्यात बुडाली. भरीला, जुनी बाकी चुकती होईपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. बारा परिच्छेदांत विमानातल्या आसनाचे कौतुक आणि व्याजाविषयी एक ओझरती ओळ, हे प्रमाणच पुरेसे बोलके असते.

दुसरे मौन पॉइंटांच्या अस्थिर मोलाविषयीचे. पॉइंट हे बँकेने छापलेले चलन आहे आणि त्याचा भाव बँकच ठरवते. ॲक्सिस बँकेच्या 'मॅग्नस' कार्डाचे उदाहरण या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून त्याचे वार्षिक शुल्क दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेले आणि पॉइंट विमान कंपन्यांकडे वळवण्याचे प्रमाण पाचास चारऐवजी पाचास दोन झाले. ज्यांनी पॉइंट साठवून ठेवले होते, त्यांची पुंजी निम्मी झाली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. कार्डाची स्तुती ज्या अटींवर आधारली होती त्या अटी गेल्या, तरी स्तुती आणि तिच्याखालचा दुवा अनेकदा जागेवरच राहतो.

तिसरे मौन हिशेबातले आहे. समजा, एखाद्याने पॉइंटांवर दोन लाखांचे बिझनेस क्लासचे तिकीट मिळवले आणि 'दोन लाख वाचले' असे लिहिले. तो एरवी चाळीस हजारांच्या साध्या तिकिटाने गेला असता, तर त्याचे वाचले चाळीस हजार. उरलेल्याला चैन म्हणावे. चैनीला आमचा विरोध नाही, तिला बचत म्हणण्याला आहे.

चौथे मौन सर्वांत व्यापक. ज्या पर्यायांवर कोणालाच कमिशन मिळत नाही, ते या लेखनात अस्तित्वातच नसतात. कल्याणहून माळशेज घाटातून जाणारी एसटी पकडावी, खुबी फाट्याला उतरून खिरेश्वर गाठावे आणि टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड चढावा, या सल्ल्यातून कोणाच्याच खात्यात काही जमा होत नाही. यंदा कुठे जाऊच नका, आधीचे कर्ज फेडा, हा सल्ला तर त्याहून निष्फळ. पगार सुरू झालेल्या एखाद्या मुलामुलीला बहुधा हाच सल्ला सर्वाधिक हिताचा असतो.

मराठीच्या वर्गात आम्ही निवेदकाची विश्वासार्हता शिकवतो. निवेदक काय पाहतो याइतकेच तो कशाकडे पाठ फिरवतो हे महत्त्वाचे, असे सांगतो. चांगल्या प्रवासवर्णनात चुकलेली गाडी, बेचव जेवण, झालेली फजिती यांना मानाचे स्थान असते, पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'तली गंमत बरीचशी लेखकाच्याच अवघडलेपणातून येते. पॉइंटांच्या लेखनात निवेदकाची क्वचितच फजिती होते. त्याचे पॉइंट बुडत नाहीत, हव्या त्या तारखेचे तिकीट त्याला मिळतेच. असा निवेदक कादंबरीत भेटला असता तर आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर पहिल्याच प्रकरणात संशय घेतला असता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये विम्याचे एजंट पूर्वीपासून आहेतच. त्यांनाही कमिशन मिळते, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवला? उत्तर असे की तो विश्वास बराचसा आंधळा होता आणि त्याची किंमतही अनेकांनी मोजली. तरीही एक फरक उरतो. पॉलिसी विकणारा वरच्या मजल्यावर राहत असे, गणपतीत आरतीला येत असे. दहा वर्षांनी पॉलिसीचे पैसे कमी आले तर त्याला जिन्यात गाठता येत असे. दुव्याचा संबंध अर्ज मंजूर होताच संपतो.

या बाबतीत म्युच्युअल फंडांचा अनुभव बोधप्रद आहे. सेबीने ऑगस्ट २००९ पासून गुंतवणूकदाराच्या रकमेतून कापला जाणारा प्रवेशभार बंद केला आणि जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला मध्यस्थाविना घेता येईल असा डायरेक्ट प्लॅन देणे भाग पडले. तेव्हापासून एकाच फंडाचे दोन भाव जाहीर होतात आणि मध्यस्थाची किंमत त्या दोहोंतल्या अंतरात दिसते. कार्डांच्या बाबतीत असे अंतर दिसत नाही. 'तुम्हाला जादा काही पडत नाही' हे वाक्य अर्थातच बहुधा खरे असते. पण बँक हा खर्च कुठून भागवते? दुकानदारांकडून मिळणारे शुल्क, वार्षिक शुल्क आणि थकबाकीवरचे व्याज, हीच तिची मिळकत. म्हणजे वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याच्या परदेशवारीला, काही अंशी तरी, किमान रक्कम भरत राहणारा हातभार लावतो. तो कुणी परका नसतो. आमच्याच वर्गातून बाहेर पडलेला, पहिल्या नोकरीतला मुलगा असू शकतो.

आणि आता हा व्यवहार केवळ लिहिणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. अनेक बँका साध्या कार्डधारकालाही ओळखीचा माणूस आणल्याबद्दल पॉइंट देतात. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात भाचा लिहितो, 'मावशी, घेणारच असशील तर माझ्या लिंकवरून घे.' यात गैर काही नाही. पण मावशीला कार्डाची गरज आहे का, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी ज्या भाच्यावर होती, तोच आता त्या प्रश्नाच्या उत्तरात भागीदार झाला आहे. नात्यातल्या सल्ल्याचे मोल त्याच्या निरपेक्षतेत होते. त्याचे रूपांतर विक्रीत झाले तर नुकसान पॉइंटांत मोजता येणार नाही.

मग वाचकाने करावे काय? आम्ही स्वतःपुरत्या चार कसोट्या ठरवल्या आहेत. ज्या कार्डाखाली दुवा नाही अशा एखाद्या कार्डाची लेखकाने स्तुती केली आहे का? व्याजाचा इशारा दुव्याच्या आधी आहे की नंतर? अटी बदलल्यावर जुन्या लेखात तारखेसह दुरुस्ती केली आहे का? आणि 'हे कार्ड अमुक माणसाने घेऊ नये' असे वाक्य, त्या माणसाच्या उत्पन्नाचा आणि सवयीचा उल्लेख करून, कुठे लिहिले आहे का? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर कमिशन घेणाऱ्याचाही सल्ला घ्यावा, आणि त्याच्याच दुव्यावरून अर्ज करून त्याचा मेहनताना त्याला खुशाल मिळू द्यावा. असे प्रामाणिक लिहिणारे आहेत, आणि अभ्यासाला किंमत असू नये असे आमचे म्हणणे नाही.

या चारांतली शेवटची कसोटी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो गिऱ्हाईक परत पाठवू शकतो, त्याच्याच शिफारशीला काही अर्थ असतो. जाणकारांनी यात आपल्या कसोट्यांची भर घालावी.