कर कळला, कारण कळले नाही

भिवंडीजवळच्या वऱ्हाळा तलावाच्या काठी वसलेल्या कामतघरात मागांचा खडखडाट हाच कालगणनेचा मुख्य आधार असतो. तो थांबला की काहीतरी बिघडले, हे घराघरांत आपोआप कळते. मात्र काय बिघडले, हे समजावून सांगणारा माणूस मिळणे दुर्मीळ. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला, तेव्हा याचा प्रत्यय विशेष तीव्रतेने आला.

कापडाचा व्यवहार विक्रीकराच्या वहीखात्याशी फारसा परिचित नव्हता. 1957 सालच्या केंद्रीय कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क घेण्याची व्यवस्था झाली होती. विणकाम करणाऱ्या लहान मागवाल्याला विक्रीकराचे विवरणपत्र भरण्याचा प्रसंग त्यामुळे सहसा येत नसे. साठ वर्षांची ही सवय एका रात्रीत मोडायची, तर तिचे कारण सांगणे क्रमप्राप्त होते. सत्ताधाऱ्यांनी मात्र 'एक देश, एक कर' ही घोषणा पुरेशी मानली, आणि विरोधकांनी निषेध पुरेसा मानला. मधला अर्थ कोणीच सांगितला नाही.

वस्तुतः तो अर्थ सांगण्यास चार वाक्ये पुरतात. समजा, कारखानदाराने 100 रुपयांचे कृत्रिम धाग्याचे सूत घेतले. त्यावर प्रारंभी 18 टक्के आणि ऑक्टोबर 2017 पासून 12 टक्के कर होता, म्हणजे त्याने 12 रुपये भरले. तेच सूत विणून कापड 140 रुपयांना विकले, तर 5 टक्के दराने त्यास अवघे 7 रुपये वसूल करता येत. उरलेले 5 रुपये सरकारदरबारी अडकून पडत.

हा अडकलेला पैसा परत मिळण्याची सोय 1 ऑगस्ट 2018 पासून झाली, परंतु यंत्रसामग्रीवर भरलेला कर त्या परताव्यात धरला जात नसे. दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणणाऱ्याचा पैसा थेट अडकत नसे हे खरे. तथापि सूत देणाऱ्याची ओढाताण झाली की मजुरीचा दर आणि बीमची आवक यांवर तिचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही.

या विसंगतीवर उपाय म्हणून 1 जानेवारी 2022 पासून कापडावर 12 टक्के कर लावण्याचे ठरले. त्यामागे तर्क होता: सूत आणि कापड एकाच दरात आले की पैसा अडकत नाही. त्याची किंमतही होती: कापड महाग होणार होते आणि गिऱ्हाईक मागे सरण्याची भीती होती. या दोन्ही बाजू एका दमात सांगण्याचे धैर्य सार्वजनिक व्यासपीठावर क्वचितच दिसले. परिणामी देशभर विरोध उसळला आणि 31 डिसेंबर 2021 रोजी, अंमलबजावणीस काही तास उरले असताना, निर्णय पुढे ढकलावा लागला. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून कृत्रिम सुतावरील दरच 5 टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा ही गाठ सुटली. कोणता मार्ग अधिक योग्य, याची चर्चा आठ वर्षांत जनतेसमोर व्हावयास हवी होती. ती झाली नाही, ही खरी हानी होय.

विषयच किचकट आहे, तो कर सल्लागारांवर सोपवावा, असे कोणी म्हणेल. परंतु सल्लागार रकाना कसा भरावा हे सांगतो. तो रकाना का आहे, हे सांगणे लोकप्रतिनिधीचे काम आहे. 1896-97 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सरकारच्याच दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत उलगडून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविल्या. सारामाफी ही कृपा नसून नियमानुसार मागता येणारी गोष्ट आहे, हे खेड्यापाड्यांतील माणसास त्यामुळे उमगले. ती संहिता आजच्या अधिसूचनांहून सोपी नव्हती आणि ऐकणाऱ्यांत साक्षरही थोडे होते.

आपले पुढारी अडखळतात याचे कारण भाषेचे दारिद्र्य एवढेच नाही. धोरणाची किंमत कबूल केली की प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र मिळेल, हे भय त्यांना गप्प बसविते. आणि पुष्कळदा मूळ मसुदा त्यांनी स्वतः वाचलेलाच नसतो. मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या भिवंडीत चारही भाषांतून मते मागितली जातात. ज्या भाषेत मत मागता येते, त्या भाषेत कर समजावून देता येत नाही, ही सबब स्वीकारण्याजोगी नाही. कर भरणाऱ्यास त्याचे कारण कळणे हा उपकार नव्हे. ते त्याचे येणे आहे, आणि ते फार काळ थकले आहे.