करवंटीचा घोडा, पत्र्याची वीज

नळाखाली घागर लावून अम्मी दुसऱ्या कामाला लागते, आणि घागर भरत आली की न पाहताच नळ बंद करायला येते. तिला हे आवाजावरून कळते. पाणी चढते तशी घागरीतली हवेची जागा कमी होते आणि आवाज बारीक होत जातो. कानांना एवढे शिक्षण घरातच मिळालेले असते. या महिन्यात त्याचाच उपयोग करू : घरातल्या वस्तूंमधून आवाज कसे काढायचे, आणि त्यातून आपल्या मुलांची मराठी कशी मोकळी होते, ते पाहू.

सिनेमात किंवा रेडिओवरच्या श्रुतिकेत ऐकू येणारे बरेच आवाज खऱ्या वस्तूंचे नसतात. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली (1891–1967) नावाचे गृहस्थ होते. पडद्यावर चित्र चालू असताना ते समोर उभे राहून पावलांचे, कपड्यांचे, दारांचे आवाज काढत. आजही जगभर या कामाला ‘फोली’ म्हणतात. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईत लागला. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने त्याचे बरेच चित्रीकरण रात्री 1 ते 4 या वेळात करावे लागले, कारण नको असलेला आवाज टाळणे हेही आवाजाचेच काम आहे.

आणि पैसा नसला तर? धुळ्याच्या शेजारच्या मालेगावकडे पाहा. 2000 साली नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या. लोक हसलेही आणि गर्दी करून पाहायलाही गेले. त्या गावातल्या सिनेमावेड्यांवर 2008 साली माहितीपट आला आणि 2025 मध्ये मोठ्या पडद्यावरचा चित्रपटही. हाताशी आहे त्यात काम भागवणे आपल्या भागाला नवे नाही.

हे जमते कसे? कान एकटा निर्णय घेत नाही. आधी ‘घोडा आला’ असे सांगितले, की करवंट्यांची टकटक टापांची होते. काही न सांगता तोच आवाज ऐकवला तर मुले ‘कुणी दार वाजवतंय’ म्हणतील. आवाजाला गोष्टीचा आधार लागतो.

आता साहित्य. नारळाच्या दोन रिकाम्या करवंट्या फरशीवर आपटल्या की पक्क्या रस्त्यावरचा घोडा, मातीच्या परातीत आपटल्या की शेतातला. सुपात मूठभर तूरडाळ हळूहळू फिरवली की पाऊस. जुनी एक्स-रेची फिल्म दोन्ही हातांनी धरून हलवली की ढगांचा गडगडाट. पातळ पत्र्याने तो अधिक चांगला होतो, पण पत्र्याच्या कडा हात कापतात, म्हणून तो मोठ्यांनीच धरावा. चिप्सचे रिकामे पाकीट कानाजवळ हळू चुरगाळले की चुलीतली आग. छत्री भराभर उघडझाप केली की मोठ्या पक्ष्याचे पंख. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी कटकन मोडली की झाडाची फांदी तुटते. आणि केळीची सुकी पाने तर जळगावकडच्या घरांना आयतीच मिळतात. त्यांवरून हात फिरवला की जंगल उभे राहते. डाळ वापरली तर खाली चादर अंथरा आणि खेळ संपल्यावर निवडून डब्यात परत भरा. रिज्क पायाखाली जाता कामा नये.

विजेचे एक गणित मुलांना जरूर सांगा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास तीन सेकंद लागतात. ‘वीज चमकली’ असे वाचून मनात तीन आकडे मोजा आणि मग फिल्म हलवा. वीज एक किलोमीटर लांब पडली. लगेच हलवली तर अंगणातच पडली.

आता यातल्या मराठीकडे वळू. उर्दू माध्यमातली आपली मुले गल्लीत दिवसभर बोलतात आणि मराठीच्या तासाला गप्प होतात. बहुतेकांची जीभ ‘ळ’ आणि ‘ण’ यांवर अडते. कुणी हसले की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. पुढे दहावीचा पेपर, तहसील, दवाखाना, नोकरीची मुलाखत, सगळीकडे ते गप्पपण सोबत जाते.

आवाजाचे शब्द येथे मदतीला येतात. उर्दूत गडगडाहट, मराठीत गडगडाट. तिकडे फडफडाहट, इकडे फडफडाट. अर्धा शब्द मुलाच्या घरातलाच निघतो. आणि जे दोन वर्ण अडतात, ते याच शब्दांत भरलेले आहेत : कलकलची खळखळ होते, खनखनाहटचा खणखणाट होतो, सरसराहटची सळसळ होते.

माझ्या वर्गात सातवीतला एक मुलगा मराठीत एक ओळ वाचत नसे. गोष्टीचे वाचन बसवताना त्याला पाने हलवायचे काम दिले. बोलायचे काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी वाचणाऱ्याने ‘पानांची सरसर’ म्हटले. हा पाने हातात धरून म्हणाला, ‘‘सरसर नाही रे, सळसळ.’’ ‘ळ’ स्वच्छ होता. कुणी हसले नाही, कारण त्या आवाजाचा मालक तोच होता. पुढच्या आठवड्यात त्याने चार ओळी वाचायला मागितल्या. अजून तो अडखळतो, पण वाचतो.

घरी करायचे असेल तर ‘प्यासा कौवा’ म्हणजे तहानलेला कावळा घ्या, गोष्ट दोन्ही भाषांत सगळ्यांना पाठ असते. पंखांसाठी छत्री, उन्हातल्या वाऱ्यासाठी सुकी पाने, मडक्यासाठी अर्धे पाणी असलेला तांब्या आणि धुतलेले खडे. एकाने मराठीत वाचायचे, दोघांनी आवाज द्यायचे. जो वाचायला लाजतो त्याला आधी आवाज द्या आणि प्रत्येक आवाजाचे मराठी नाव त्यालाच चिठ्ठीवर लिहायला सांगा. दुसऱ्या खेपेला वाचनाची पाळी त्याची.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. फोन वस्तूपासून वीतभर अंतरावर, माइकची बाजू आवाजाकडे. खोलीत घुमते असे वाटले तर भिंतीला गोधडी टांगा. इशानंतर गल्ली शांत झाली की काम चांगले होते.

मग दादा-दादींना पाठमोरे बसवून ऐकवा आणि प्रत्येक आवाज कशाचा काढला ते ओळखायला सांगा. चुकले तर उत्तर मुलांनी मराठीत समजावून सांगायचे, वस्तू दाखवून.