पोकलेन तलावात उतरवण्याआधी

भंडारा जिल्ह्यातील ग्रामपंचायती, मच्छीमार संस्था, शेतकरी आणि जेसीबी-पोकलेनच्या चालक-मालकांनो,

मे निम्मा सरला. बोड्या आटल्या, मामा तलावांच्या तळाला भेगा पडल्या आणि मृगाआधी गाळ उचलायची घाई सुरू झाली. गाळ काढायलाच हवा. 1951 मध्ये मालगुजारी गेली तेव्हापासून या तलावांना नीटसा वाली नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मुळे निदान ट्रॉल्या तरी भरताहेत. पण त्याच गाळात कासवं झोपलेली आहेत.

अमेरिकेच्या गवताळ माळांवरच्या खारी बिळात शिरून हिवाळाभर झोपतात, हे आपण टीव्हीवर कौतुकाने पाहतो. आपल्याकडे जीव घेतं ते ऊन, म्हणून इथली झोप उन्हाळ्याची. पाणी हटू लागलं की मऊ पाठीचं कासव ओल्या चिखलात स्वतःला पुरून घेतं. डोकं-पाय आत, मागच्या पायांवर पोटाकडच्या दोन झडपा ओढलेल्या. खाणं बंद, श्वास मंद. वर चिखल वाळला की पोकलेनच्या केबिनमधून ते निव्वळ ढेकूळ दिसतं, आणि बकेटचे दात थेट पाठीत घुसतात. पहिल्या दमदार पावसात पिवळेजर्द होऊन ओरडणारे मोठे बेडूकही असेच जमिनीखाली असतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने 1987 मध्ये थांबवली ती उगाच नव्हे. बांधीतले किडे फुकटात खाणारा दुसरा गडी कुठे आहे?

म्हणून हात जोडून विनंती. यंत्र लावण्याच्या आदल्या दिवशी गावातल्या ढीवर बांधवांना सोबत घेऊन तळ पायी फिरून बघा. तळाची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसते. सर्वांत शेवटी ओल राहणारा खोलगट भाग खणू नका. एवढा तुकडा सोडल्याने कुणाच्या शेतात गाळ कमी पडणार नाही. कासव निघालंच तर काम थांबवा, त्याला सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा, पाण्याच्या ड्रममध्ये टाकू नका. आणि कुणी रश्शासाठी किंवा विकायला नेत असेल, तर त्याला स्पष्ट सांगा: हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद.

कासव दिसताच वनरक्षकाला कळवा किंवा वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. पाऊस तोंडावर आहे. ही पाहणी याच आठवड्यात करा.