शेठ कुणाला म्हणता?

'शेठ' हा शब्द गोणीसारखा उलटा करून झटका. बघा काय काय गळतं.

संस्कृतात श्रेष्ठिन्, पालीत सेट्ठि, मराठीत शेट, शेटजी, शेठ. म्हणजे मुळात श्रेष्ठ. धंदा, भांडवल, दुकान हे सगळं मागनं आलं. शब्दाच्या पोटात आधी उच्चपणा आहे. दिवसातून पन्नास वेळा आपण 'हो शेठ' म्हणतो, म्हणजे पन्नास वेळा कबुली देतो की तू श्रेष्ठ. मग आपण कोण? ते वेगळं सांगायला लागत नाही.

शहाणे म्हणतात, अरे बोलायची रीत ती, रिक्षावालासुद्धा गिऱ्हाइकाला शेठ म्हणतो. बरं. मग चला माझ्याबरोबर स्टेशनाबाहेर. छत्रीखाली चांभार बसलाय. रापी त्याची, आरी त्याची, चामडं त्याच्या पैशाचं. कुणाचा नोकर नाही. हिशेबानं धंद्याचा मालक. त्याला कधी कुणी 'काय शेठ' म्हणालं? शेजारचा टपरीवाला मात्र शेठ. मैल्याची टाकी उपसणाऱ्यानं कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, तरी तो शेठ होत नाही. तेव्हा हा शब्द धंदा मोजत नाही दोस्तांनो, जात मोजतो.

आणि हे आजचं नाही. मराठेशाहीत पेठ वसली की तिथं शेटे-महाजन असत. शेटेपण हे वतन होतं, बापाकडून पोराकडं जाणारं. पेठेतल्या दुकानांकडून त्याला हक्काचा वाटा मिळे. वतन आमच्या पणज्याकडंही होतं. महारकी! वेशीची राखण करा, सांगावे पोचवा, मेलेली ढोरं ओढा आणि वर भाकरी मागून खा. एकाचं वतन घेण्याचं, दुसऱ्याचं राबण्याचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. शेटेपण मात्र आपल्या जिभेवर अजून शाबूत आहे. त्याला आपणच पोसतो, फुकटात.

शब्दानं काय होतं म्हणणाऱ्यांनी एक आठवावं. आपल्या लोकांनी 'जोहार' टाकला आणि 'जय भीम' धरला. दोन शब्दांची तर अदलाबदल! पण गावकीला ती झोंबली. वाकलेली मान त्या शब्दाबरोबर सरळ झाली, म्हणून झोंबली.

आता दुसरा शब्द घ्या, 'मालक'. आपल्याला वाटतं, माल ज्याचा तो मालक. तसं नाही. शब्द अरबी आहे, 'मुलूख' ज्या धातूतनं आला त्याच धातूतला. म्हणजे मालाबरोबर मुलखावरची सत्ताही त्यात आली. आमच्या आया नवऱ्याला मालक म्हणतात, धनी म्हणतात. गोदीत शेठपुढं वाकायचं आणि खोलीवर येऊन बायकोचा मालक व्हायचं, हे असलं स्वातंत्र्य कुणाला पाहिजे?

पण खरी गोम पुढं आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका पोराचा पंजा स्टीलच्या कॉइलखाली गेला. सकाळपर्यंत ज्याला सगळे शेठ म्हणत होते तो ठेकेदार दुपारी म्हणाला, "मी कसला मालक? मी फक्त लेबर पुरवतो." एजंट म्हणाला माल पार्टीचा. पार्टी म्हणाली काम ठेकेदाराचं. शेठ म्हणवून घ्यायला तिघं, मालक म्हणून उभं राहायला एकही नाही! १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात लिहिलं होतं की आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेणारासुद्धा भरपाईला बांधील. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगितलं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ काम देणाऱ्यानं ती भरायची. हे कायदे करणाऱ्यांना ठाऊक होतं, की मालक पळतो. आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण 'शेठ शेठ' करण्यात गुंग.

१९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू दाखवले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. 'शेठ' या एका शब्दात दोन्ही मुक्कामाला आहेत. उच्चपणाही आहे आणि पैसाही. लाल झेंड्याच्या पुढाऱ्याला त्यातला पैसा दिसतो, उच्चपणा दिसत नाही. तो स्वतःच कुठल्या आळीतनं आलाय, ते विचारलं की त्याला राग येतो.

तर काय करायचं?

ठेकेदाराला नावानं हाक मारा. पुढं 'अहो' लावा, 'साहेब'सुद्धा नको. माणसाला माणसाएवढा मान द्यायचा, त्यावर रुपयाभर नाही. घरात बायकोला सांगा, मी तुझा मालक नाही. आणि कामाला हात लावायच्या आधी विचारा, हजेरीपुस्तकावर मालकाचं नाव काय? पुरं नाव, पत्ता, सही. जखम झाली तर कुणाच्या दारात उभं राहायचं, ते आधी कागदावर येऊ दे.

एकट्यानं विचारलं तर दुसऱ्या दिवशी खाडा पडेल, हे मलाही कळतं. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पण भूक त्याच्या आधी शिकलो. म्हणून एकट्यानं विचारायचं नाही. अख्ख्या टोळीनं विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत हूक खाली ठेवायचे. जहाज धक्क्याला लागलंय, भाडं चढतंय, पाऊस कधीही येईल.

मग बघा, मालक आपोआप सापडतो की नाही.