बेंचवरचे गुरुजी

'बेंच' म्हणजे काय हे आयटीवाल्यांना सांगायला नको. पगार चालू, प्रोजेक्ट नाही. आपल्या शाळांमध्येही असा बेंच असतो, फक्त तिथे त्याला 'अतिरिक्त शिक्षक' म्हणतात. दरवर्षी पटसंख्येवरून शाळेला किती पदं द्यायची ते ठरतं, त्याचं नाव संचमान्यता. पट घसरला की एखादे सर अतिरिक्त ठरतात आणि मग त्यांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी.

२ मे २०१२ ला तर सरकारने असे सगळे शिक्षक सामावले जाईपर्यंत नवी भरतीच थांबवली. कागदावर एकदम शहाणपणाचं! पण काम जावाचं आणि बेंचवर टेस्टर, असं झालं तर? मराठीचे सर अतिरिक्त आहेत म्हणून गणिताची जागा भरत नाही. पुढे गणित, विज्ञान, इंग्रजीला सूट द्यावी लागलीच.

मूळ घोळ सरासरीचा आहे. शहरात एका तुकडीत ६० पोरं आणि खेड्यात १२, सरासरी ३६. म्हणजे रिपोर्टमध्ये सगळं ठीकठाक! २०२० च्या शैक्षणिक धोरणाने निदान 'प्रत्येक शाळेत' एका शिक्षकामागे ३० पेक्षा कमी मुलं असं म्हटलंय. पण नुसतं गुणोत्तर तिथेही पुरत नाही. समजा आठवी ते दहावी, वर्गात १९-१९ मुलं. एकूण ५७, म्हणजे शिक्षक दोन. मग तिसऱ्या वर्गावर कोण? मॉनिटर? आणि तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे सगळं दोघांनीच शिकवायचं?

गंमत म्हणजे याच्याइतकं सोपं फोरकास्टिंग आपल्याला कधीच मिळत नाही. पाच वर्षांनी नववीत बसणारी मुलं आज चौथीत आहेत. कोणते सर कधी ५८ चे होणार, हे सेवापुस्तकात लिहिलेलंच आहे. स्थलांतरामुळे आकडा थोडा हलेल, पण अंदाज नक्की येतो. तरीही शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ नंतर थेट फेब्रुवारी २०२३ ला झाली. मधल्या काळात निवृत्त होणारे काय थांबणार होते?

पैसा नाही, हे मान्य. छोट्या शाळेला प्रत्येक विषयाचा पूर्णवेळ शिक्षक परवडणार नाही. मग जवळच्या दोन-तीन शाळांत मिळून एक गणिताचे सर द्या, प्रवासभत्ता द्या, पण पाच वर्षांचा विषयवार तक्ता आधी करा आणि तो सगळ्यांना दिसू द्या. आज रिकाम्या जागी तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, तेही बऱ्याचदा वर्ष निम्मं सरल्यावर.

आपली रिलीज डेट पुढे सरकते, क्लायंट चार शिव्या घालतो, संपलं. दहावीच्या पोराची मार्चमधली परीक्षा सरकत नाही.

या वीकेंडला गावाकडच्या तुमच्या शाळेत एक फोन करून बघा. दोनच प्रश्न विचारा. गणिताचे सर कधी निवृत्त होतायत? आणि त्यांच्या जागी कोण येतंय?